जॉश गिब्सन पहिल्या क्रमांकावर: पटतं का?

रानवारा: मे २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगने, निग्रो लीग, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीग, यांचे १९२० ते १९४८ चे आकडे आपल्या नोंदींत घेतले. गोऱ्या टाय कॉबची कारकिर्दीतली .३६७ ही फलंदाजीची सरासरी (हजार संधींत ३६७ यशस्वी फटके) मागे पडली आणि निग्रो लीगचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, जॉश गिब्सन .३७२ वर पहिला आला. गिब्सन मला मनापासून आवडतो, तरी हे पटत नाही. कॉब तीन हजारांवर सामने खेळला. गिब्सनचे मोजलेले सामने सहाशेच्या आसपास. १९४३ च्या हंगामातली त्याची .४६६ तर सत्तरेक सामन्यांची! त्याची यादी वेगळी ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

उंबरठा: वेगळं ठेवणं हाच तर अन्याय होता. सामने कमी, कारण त्यांची लीग छोटी. पोटासाठी होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या गिब्सनच्या संघांचे खेळाडू बसने गावोगाव फिरून प्रदर्शनीय सामने खेळत, ते यात धरलेलेच नाहीत. आणि कॉबने तरी लीगमध्ये कुठे निग्रो लीगच्या सॅचेल पेजसारख्या गोलंदाजाचा चेंडू खेळला?

जुनी वही: प्रदर्शनीय सामने धरू नयेतच. हॉल ऑफ फेममधल्या (बेसबॉलच्या गौरव-दालनातल्या) गिब्सनच्या फलकावर 'जवळपास ८०० होम रन' आहेत. लीगच्या नोंदींत दोनशेही भरत नाहीत. दंतकथेवर मोठेपण उभं करू नका.

उंबरठा: दंतकथा बाजूला ठेवू. हा माणूस कॅचर होता. डावभर उकिडवं बसायचं, बोटं ठेचून घ्यायची आणि मग बॅट उचलायची. ग्रेज बरेच घरचे सामने वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर खेळत. उजव्या हाताच्या फलंदाजाला तिथली डावीकडची भिंत चारशे फुटांपलीकडे! १९४३ च्या सुरुवातीला मेंदूत गाठ असल्याचं कळलं, आणि .४६६ त्याच वर्षीची. २० जानेवारी १९४७ ला तो गेला, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी. कृष्णवर्णीयांना बंद असलेलं मेजर लीगचं दार उघडणारा जॅकी रॉबिन्सन तिथे उतरला त्याच वर्षी १५ एप्रिलला. तीन महिनेही नाहीत! हे वाचलं की मला अजून गलबलून येतं. १९७५ पर्यंत त्याच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता.

जुनी वही: दुःख खरंच आहे. पण दुःखाने सरासरी वाढत नाही.

रानवारा: उंबरठा, कॉबबद्दलचा तुझा मुद्दा मान्य. गोऱ्यांचेही आकडे अर्ध्याच मैदानातले होते, हे मी धरलंच नव्हतं. कारकिर्दीच्या यादीत गिब्सन वर राहू दे. एका हंगामाची .४६६ मात्र अजून गळी उतरत नाही.