लातूरहून तनोट, 150 सीसीवर: कुणी गेलंय का?

लातूरकर
राम राम मंडळी. जानेवारीत एकटाच लातूरहून जैसलमेर, तिथून रामगढमार्गे तनोट, लोंगेवाला असं जायलोय. गाडी 150 सीसी, ट्यूबचे टायर, टाकी 12 लिटरची, 45 चं अ‍ॅव्हरेज. आईला एकच घोर, वाळवंटात पेट्रोल संपलं तर? कॅन बांधू का? अजून काय धरू सोबत?

गेवराईकर
भाऊ, कॅन राहू द्या. जैसलमेर ते तनोट 120 किलोमीटर, मधे रामगढला पंप आहे. लोंगेवाल्यावरून फिरून आलात तरी 300 च्या आत. जैसलमेरला टाकी फुल करा आणि हा हिशोब आईला दाखवा.

काळजी पंक्चरची करा. रामगढच्या पुढं मी सावली बघून गाडी झुडपाखाली लावली, निघालो तर मागचं चाक बसलेलं. काटा बोटाच्या पेराएवढा, आपल्या वेड्या बाभळीचाच. तिकडं तिला विलायती बबूल म्हणतात. तासाभरानं एक मेंढपाळ आला, त्यानं गाडी कलती धरली तेव्हा चाक निघालं. एक वायसर वाळूत पडला, तो बोटांनी चाळून काढायला अर्धा तास गेला. म्हणून आधी गमजा अंथरा, नट-वायसर त्यावर ठेवा. दोन ट्यूब, टॉमी (टायर उचकटायची पट्टी), पाने, हातपंप घ्या आणि निघायच्या आधी अंगणात दोनदा चाक स्वतः काढून बसवा. मिस्त्रीला करताना बघितलंय, एवढ्यावर भागत नाही.

वळणावर वाळू डांबरावर सरकून आलेली असते. आधीच गिअर उतरवा, पुढच्या ब्रेकला हात लावू नका, हँडल आवळून धरू नका, रेस एकसारखी ठेवून सरळ निघा. मधेच रेस सोडली की पुढचं चाक रुततं.

परभणीची स्वार
चेनवर ऑइल ओतू नका. वाळू चिकटते आणि चेन-स्प्रॉकेट दोन्ही खाते. कोरड्या फडक्यानं पुसत राहा. परत आल्यावर एअर फिल्टर बदला.

अजून एक, जानेवारीत तिकडं दिवस साडेसातच्या सुमारास उगवतो, सहाला मावळतो. पहाटे निघू म्हणाल तर अंधार आणि बोटं वाकत नाहीत अशी थंडी. अंधार पडल्यावर उंट, गाई डांबरावर येऊन बसतात. पाचच्या आत मुक्काम गाठाच.

लातूरकर
दादा, ताई, लई आधार वाटला. आजपासून चाक काढायला बसतो. पाणी किती न्यावं?

गेवराईकर
पाच लिटर, दोन वेगळ्या कॅनमधे. एक फुटला तरी दुसरा राहतो. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तुम्ही लातूरकरांनी जसं पुरवून वापरलं, तसंच तिथं वापरा. शेवटचा लिटर जैसलमेरला पोचेपर्यंत उघडू नका, रस्त्यात कुणालाही लागतं. माझा त्या मेंढपाळानं प्यायला.