मदत हवी आहे: लेसर मारलेल्या पॉलिस्टायरिनवर अँटिबॉडी खरंच जोडली जातेय का?

नमस्कार मंडळी. पॉलिस्टायरिनच्या पातळ फिल्मवर १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर हवेतच मारतोय, पृष्ठभाग उडून जाणार नाही इतक्या कमी ऊर्जेवर. हेतू एवढाच, की वर कार्बॉक्सिल (-COOH) गट तयार व्हावेत आणि ईडीसी-एनएचएस या जोडणी घडवणाऱ्या रसायनांनी त्यांना चमकणारं रंगद्रव्य लावलेली अँटिबॉडी (ठरावीक रेणूला धरणारं प्रथिन) जोडावी.

लेसर आपलं काम करतोय. कोऱ्या भागावर टपोरा बसणारा पाण्याचा थेंब लेसरच्या पट्ट्यावर आला की लगेच पसरतो. घोडं पेंड खातंय ते पुढे. ईडीसी न घातलेल्या कंट्रोलवरही (तुलनेच्या नमुन्यावरही) रंगद्रव्याची चमक जवळपास तेवढीच! त्यात भर म्हणजे अँटिबॉडी न लावलेला, नुसता लेसर मारलेला पट्टाही हिरवा प्रकाश टिपणाऱ्या चॅनेलमध्ये उजळतो. लाल रंगद्रव्य वापरलं तर ही पॉलिमरची स्वतःची चमक टळेल का?

बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) एमईएसचं आहे, पीएच ६ च्या आसपास. जोडणीत अडथळा आणणारं ट्रिस बफर कुठेही नाही, तेव्हा ते टाळण्याचा सल्ला कृपया नको.

मुख्य प्रश्न: नुसती चिकटलेली आणि खरी जोडलेली अँटिबॉडी वेगळी कशी ओळखायची? ट्वीन-२० या सौम्य डिटर्जंटने धुऊन फारसा फरक पडत नाही. एसडीएस या तीव्र डिटर्जंटने धुतलं तर अँटिबॉडीच निकामी होईल, पण निदान मोजमापापुरतं ते चालेल ना? की लेसरने अल्डिहाइडही तयार होऊन ईडीसीशिवायच जोडणी होत असेल? शिवाय लेसरनंतर तुटक्या साखळ्यांचे सुटे तुकडे वर राहतात. ते आधी इथेनॉलने धुवून काढता का? कुणी हे हाताळलं असेल तर क्रम सांगा.