मदत हवी आहे : पुनर्वाचनाची नोंद जुन्या नोंदीच्या प्रभावापासून कशी वाचवावी?

वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाविषयी मी वहीत पानभर नोंद करतो. तिच्यात कथासार किंवा समीक्षा नसते, मला काय वाटले एवढेच असते. नुकतीच विश्राम बेडेकर यांची १९३९ साली प्रसिद्ध झालेली ‘रणांगण’ ही कादंबरी बारा वर्षांनी पुन्हा वाचली. पहिल्या वेळी चक्रधर आणि हॅर्टा यांच्या प्रेमात मी इतका गुंतलो होतो की, बोटीवरच्या निर्वासित ज्यूंविषयी माझ्या नोंदीत एक ओळही नव्हती. या वेळी मात्र त्यांनीच मला अस्वस्थ केले. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. अडचण अशी की, वाचनाआधी जुनी नोंद चाळल्यामुळे तो खरोखर कादंबरीतून आला की राहून गेलेले भरून काढण्याच्या ओढीतून, हे मला ठरवता येत नाही.

पुढच्या पुस्तकाच्या वेळी जुनी नोंद उघडलीच नाही, पण माझ्याच प्रतीतल्या समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि नजर नेमकी तिथेच थबकत राहिली. कोरी प्रत मिळवून प्रत्येक प्रकरणानंतर लिहून पाहिले, तर वाचनाची लय तुटली; आठवड्याने लिहिले, तेव्हा मनात शेवटच तेवढा उरला होता.

नोंदी मला कागदावरच ठेवायच्या आहेत आणि वाचनात खंड नको आहे. नियमाने पुनर्वाचन करणाऱ्यांनी कृपया सांगावे : नवी नोंद आपण नेमकी केव्हा लिहिता, जुनी केव्हा उघडता, आणि दोन्ही ताडून पाहिल्यावर नव्या नोंदीत दुरुस्ती करता की ती तशीच राहू देता?