चालण्याची घाई आणि पांगुळगाडा

तेरा महिन्यांचा मुलगा अजून आधाराशिवाय चालत नाही, म्हणून वॉकर आणावा का, हा तुम्ही विचारलेला प्रश्न वाचून मनापासून लिहावेसे वाटले. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांची निरीक्षणे करून 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, निरोगी मुले साधारण 8 ते 18 महिन्यांच्या दरम्यान केव्हाही स्वतंत्रपणे चालू लागतात. त्यामुळे शेजारचे बाळ दहाव्या महिन्यात चालले, यावरून आपल्या बाळाचे काही चुकते आहे असे ठरत नाही.

वॉकर मात्र कृपया आणू नये. त्यात मूल बसून, चवड्यांनी जमीन ढकलत पुढे सरकते, त्यामुळे स्वतःचा तोल सावरण्याचा सराव होत नाही, आणि जिन्यावरून कोसळण्याचा धोका असतो तो वेगळाच. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा, कारण तो ढकलताना मूल आपले वजन आपल्याच पायांवर पेलते (तोही सपाट जागी आणि मोठ्यांच्या नजरेसमोरच द्यावा). तुमचा मुलगा दिवाणाची कड धरून आडवा सरकतो, खाली पडलेला पोळीचा तुकडा वाकून चिमटीत उचलतो, हे तुम्हीच लिहिले आहे, आणि ही चालण्याचीच तयारी आहे. त्याला घरात अनवाणी फिरू द्यावे. अठरा महिने पूर्ण होऊनही तो चालला नाही, किंवा येत असलेली हालचाल थांबली, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.