मदत हवी आहे: टरफलांच्या कोळशाने पाण्यातलं डायक्लोफिनॅक काढतेय, पीएच ७ ला आकडा उणे येतोय

मृण्मयी_बडोदा

नमस्कार सगळ्यांना. मी बडोद्यात एन्व्हायर्नमेंटल सायन्सची एमएस्सी करतेय, शेवटचं सेमिस्टर चालू आहे आणि डिझर्टेशन अडकलंय. सांडपाण्यात औषधांचे अंश राहतात ते टाकाऊ मालापासून केलेल्या कोळशाने काढता येतील का, हा विषय. औषध घेतलंय डायक्लोफिनॅक. एक तर ते घरोघरी आहे, गुडघा दुखला की गोळी नाहीतर जेल, आणि दुसरं म्हणजे गिधाडांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, गुरांना दिलेलं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. माणसांसाठी अर्थातच चालू आहे.

आपल्याकडे कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी १९८३ पासून वेगळ्या चॅनलने जंबुसरकडे जातं. पण घराघरातलं पाणी अटलादरा, तरसाली वगैरे एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात) जातं आणि तिथले जिवाणू डायक्लोफिनॅक अर्धवटच तोडतात, बाकीचं तसंच पुढे. आणि पुढे आपली विश्वामित्री, मगरी आहेत, कासवं आहेत. म्हणून हे काम नुसतं सबमिट करून टाकावं असं मला वाटत नाही.

तर कोळसा असा केला. तेलाच्या घाणीवाल्याकडून भुईमुगाची टरफलं आणली, धुतली, वाळवली, दळली, फॉस्फोरिक अ‍ॅसिडमध्ये रात्रभर भिजवली, मग झाकणाच्या क्रुसिबलमध्ये मफल फर्नेसला ५०० डिग्रीला एक तास, आणि मग डिस्टिल्ड वॉटरने पाण्याचा पीएच ठीक येईपर्यंत धुतला. टेस्टला १०० मिली पाणी, त्यात लिटरला २० मिलिग्रॅमच्या हिशोबाने औषध, ०.१ ग्रॅम कोळसा, शेकर, फिल्टर पेपर, आणि यूव्ही मशीनवर (पाणी किती प्रकाश शोषतं त्यावरून औषध मोजणारं यंत्र) २७६ नॅनोमीटरला रीडिंग.

पीएच ३ ला ९७ टक्के औषध निघतंय, एकदम मस्त. पीएच ७ ला कधी १५-२० टक्के आणि कधी चक्क उणे!! म्हणजे कोळसा टाकल्यावर औषध वाढलं की काय? गाईड म्हणतात पीएच ३ ऑप्टिमम म्हणून लिही आणि पुढे चल. पण एसटीपीचं पाणी ७-८ च्या मधे असतं, तिथे चाललं नाही तर उपयोग काय? प्लीज कोणीतरी सांगा.

फार्मसीवाली_निशा

मृण्मयी आधी सांग, औषध शुद्ध पावडर आहे की मेडिकलमधली गोळी फोडलीस? गोळीत बाइंडर, कोटिंग, रंग असं बरंच असतं आणि ते कोळशाच्या छिद्रांत जाऊन बसतं.

मृण्मयी_बडोदा

शुद्ध पावडर आहे निशाताई, डायक्लोफिनॅक सोडियम.

फार्मसीवाली_निशा

मग माझी शंका पीएच ३ वर आहे, ७ वर नाही. डायक्लोफिनॅक सोडियम पाण्यात विरघळतं, पण ज्या अ‍ॅसिडचं ते मीठ आहे ते अ‍ॅसिड जवळजवळ विरघळतच नाही. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं औषध अ‍ॅसिडच्या रूपात असतं तो आकडा) ४ च्या जरासा वर आहे, त्यामुळे पीएच ३ ला आणलंस की बहुतेक सगळं औषध अ‍ॅसिडच्या रूपात जातं, आणि लिटरला २० मिलिग्रॅम म्हणजे त्याला झेपेल त्याच्यापेक्षा खूप जास्त, ते बारीक स्फटिक होऊन बाहेर पडतं आणि तुझ्या फिल्टर पेपरवर अडकून बसतं. यूव्ही म्हणणार औषध गेलं, आणि श्रेय कोळशाला. कोळसा अजिबात न टाकता तेच द्रावण, तोच पीएच, तेवढाच वेळ शेकरवर ठेव आणि गाळून रीडिंग घे. हे कंट्रोल केल्याशिवाय ९७ हा आकडा थिसिसमध्ये लिहू नकोस, व्हायवाला कोणी फार्मसीचा माणूस असला तर पहिला प्रश्न हाच विचारेल.

जुना_केमिस्ट

निशाताईंचं बरोबर. उणे आकड्याचं मी सांगतो. (वयाने बराच मोठा आहे, तू म्हटलं तर चालेल ना.)

यूव्ही मशीनला डायक्लोफिनॅक ओळखता येत नाही. २७६ ला जे काही प्रकाश शोषतं ते सगळं एकत्र मोजून ते तुला देतं. टरफलात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) भरपूर, ५०० डिग्रीला त्याचे तुकडे पडतात पण सगळे जळून जात नाहीत, आणि हे तुकडे फिनॉलसारखे असल्यामुळे नेमके २८० च्या आसपासच शोषतात. आम्लात ते कमी सुटतात, पीएच ७ ला आणि वर जास्त. म्हणजे औषध थोडं आत जातंय आणि कोळशाचा अर्क बाहेर येतोय, वजाबाकी केली की उणे. त्यात भर म्हणजे कोळशाची बारीक पूड साध्या फिल्टर पेपरमधून आरपार जाते आणि प्रकाश विखुरते, तेही रीडिंग वाढवतं.

करायचं काय: प्रत्येक पीएचला एक ब्लँक, कोळसा आहे पण औषध नाही, आणि तो वजा कर. प्रत्येक सँपलचं ४०० नॅनोमीटरलाही रीडिंग घे, तिथे डायक्लोफिनॅक काही शोषत नाही, त्यामुळे तिथे आकडा आला तर तो पुडीचा नाहीतर कोळशाच्या रंगाचा. गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून पूड तळाशी बसवणारं यंत्र) मिळालं तर उत्तम. आणि कोळसा धुताना नुसता पीएच बघून थांबू नको, गरम पाण्याने धू आणि धुतलेल्या पाण्याचं २७६ चं रीडिंग शून्याजवळ येईपर्यंत धूत राहा. हे कंटाळवाणं काम आहे पण ह्याच्याशिवाय पुढचं सगळं, आयसोथर्म (कोळसा किती औषध धरतो) म्हण, कायनेटिक्स (किती वेगाने धरतो) म्हण, हवेत बांधल्यासारखं होतं.

रावपुऱ्याची_वहिनी

मला केमिस्ट्रीतलं काही कळत नाही पण वाचतेय मन लावून. जेलचं लिहिलंस म्हणून विचारते, आमच्याकडे सासूबाई रोज दोन वेळा लावतात. तेपण नदीत जातं का ग?

फार्मसीवाली_निशा

जातं वहिनी, आणि गोळीपेक्षा जेलचं जास्त जातं. जेलमधलं साधारण ६ टक्केच औषध शरीरात शिरतं, बाकीचं कातडीवर, कपड्यावर, हातावर. आंघोळीनंतर जेल लावायचं, लगेच आधी नाही. आणि लावून झाल्यावर हात धुण्याआधी कागदाने नीट पुसायचे, तो कागद कचऱ्यात. एवढं केलं तरी मोरीत जाणारं बरंच कमी होतं.

मृण्मयी_बडोदा

काका, निशाताई, दोघांनी सांगितलं ते सगळं केलं. पीएच ३ ला कोळसा न टाकता ठेवलेली बाटली हलकी दुधट झाली आणि गाळल्यावर रीडिंग जवळजवळ काहीच नाही!! म्हणजे त्या ९७ मधला मोठा वाटा कोळशाचा नव्हताच. आणि पीएच ७ ला औषधाशिवाय नुसत्या कोळशाचं रीडिंग ०.१६ आलं, तर २० मिलिग्रॅमच्या द्रावणाचं मूळ रीडिंग ०.६५ च्या आसपास असतं, म्हणजे पाव भाग तर कोळशाच्या अर्काचाच होता. गरम पाण्याने धुऊन, सेंट्रिफ्यूज करून, ब्लँक वजा करून आता आकडे स्थिर येतायत, पण ३० टक्क्यांच्या वर जात नाही. गाईडना दाखवलं, त्यांना पटलंय. आता हे ३० वाढवायचं कसं?

जुना_केमिस्ट

शाब्बास. हा ३० चा आकडा त्या ९७ पेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

कमी का येतो ते बघ. फॉस्फोरिक अ‍ॅसिडने केलेल्या कोळशाच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी गट खूप असतात, पीएच ७ ला ते ऋण भाराचे होतात. डायक्लोफिनॅकपण ७ ला ऋण भाराचं. दोघं एकमेकांना ढकलतात. आधी तुझ्या कोळशाचा पॉइंट ऑफ झीरो चार्ज (ज्या पीएचला पृष्ठभागावर एकूण भार शून्य असतो तो) काढ, सोपं आहे, मिठाच्या पाण्यात वेगवेगळ्या पीएचला कोळसा ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी कुठे पीएच हलला नाही ते बघायचं. तो ७ च्या बराच खाली आला तर कारण सापडलं. मग तोच कोळसा नायट्रोजनमध्ये ८०० च्या आसपास पुन्हा तापवून बघ, ते आम्लधर्मी गट बरेचसे उडून जातात. कॉस्टिक पोटॅशने अ‍ॅक्टिव्हेट करायचं कोणी सुचवलं तर पोर्सेलिनचं क्रुसिबल वापरू नको, वितळलेलं पोटॅश ते खातं, निकेलचं लागतं.

सोबत बाजारातला नारळाच्या करवंटीचा कार्बन घेऊन त्याच्यावर हीच टेस्ट कर आणि दोन्हींचा आयोडीन नंबर (कोळसा किती आयोडीन शोषतो, म्हणजे त्यात बारीक छिद्रं किती, त्याचं माप) काढ. तुलनेला काही नसेल तर तुझा आकडा चांगला की वाईट हे कोणालाच कळणार नाही.

आणि डोस. तू लिटरला १ ग्रॅम टाकतेयस. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून मोठ्या एसटीपींना असे सूक्ष्म प्रदूषक ८० टक्के काढायचा कायदा लागू आहे, काही ठिकाणी ओझोन, काही ठिकाणी पावडर कार्बन, आणि कार्बनचा डोस साधारण लिटरला १० ते २० मिलिग्रॅम असतो. म्हणजे तुझा डोस पन्नास ते शंभर पट. अर्थात त्यांच्या पाण्यात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि तू मिलिग्रॅम घेतलेस, पण खऱ्या सांडपाण्यात बाकीचे विरघळलेले सेंद्रिय पदार्थही कोळशातली जागा अडवतात, औषधाला रांगेत उभं राहावं लागतं. म्हणून एक तरी सेट एसटीपीच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात औषध मिसळून कर. तिथे यूव्ही चालणार नाही, एचपीएलसी (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) लागेल. कॉलेजात नसेल तर फार्मसी डिपार्टमेंटला विचार.

मृण्मयी_बडोदा

एचपीएलसीसाठी उद्याच विचारते. शेवटचा प्रश्न, वापरून झालेल्या कोळशाचं काय करायचं? एक मित्र म्हणतो बायोचार (मातीत मिसळायचा कोळसा) म्हणून कुंड्यांत घाल.

फार्मसीवाली_निशा

कुंडीत अजिबात नको. त्याने औषध धरून ठेवलंय, नष्ट केलेलं नाही, आणि मातीचा पीएच, पाऊस, खत काहीही बदललं की थोडं थोडं परत सुटू शकतं. बेसिनमध्येही ओतू नको. लेबल लावलेल्या बंद डब्यात साठव आणि लॅबच्या घातक कचऱ्याबरोबर जाळायला दे. त्याआधी एक प्रयोग जमला तर कर, वापरलेला कोळसा साध्या पाण्यात पीएच ९ ला हलव आणि किती औषध परत बाहेर येतं ते मोज. मोजताना ब्लँक विसरू नको, ९ ला अर्क आणखी जास्त सुटेल.