बोमार्झोचे शिल्पवन: एका दिवसात कसे पाहावे?

पायवाट (मूळ प्रश्न)

नमस्कार. पुढील महिन्यात रोममध्ये आमचा आठवडाभर मुक्काम आहे आणि त्यातील एक दिवस बोमार्झोसाठी राखून ठेवावा, असा विचार चालू आहे. सोळाव्या शतकात व्हिचिनो ओर्सिनी या सरदाराने आपल्या गावाखालच्या दरीत राक्षस, हत्ती, कासव आणि वाकडे घर अशा चमत्कारिक गोष्टी दगडात घडवून घेतल्या, इतके वाचले आहे. सोबत सत्तरी ओलांडलेली आई आणि बारा वर्षांचा मुलगा असेल. आईचे गुडघे दुखतात, पण जिद्द दांडगी आहे. आम्ही गाडी भाड्याने घेणार नाही. प्रवास आणि चालणे कितपत झेपेल? शिवाय या शिल्पांमागे एक गुप्त संकेत असून तो ठराविक क्रमाने पाहिल्यासच उलगडतो, असे एका ठिकाणी वाचनात आले. तसा अभ्यास करून जाणे आवश्यक आहे का?

रुळांवरून

प्रवासापुरते सांगतो. बोमार्झो रोमच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर, व्हितेर्बो प्रांतात आहे. जवळचे रेल्वे स्थानक अतिल्यानो-बोमार्झो. बऱ्याचदा ओर्ते येथे गाडी बदलावी लागते, आणि ती बदलताना हातात थोडा वेळ असावा. खरी अडचण स्थानकावर उतरल्यानंतर सुरू होते, कारण तेथून उद्यान सुमारे ५ किलोमीटर दूर आहे आणि बसफेऱ्या मोजक्याच असतात. आम्ही एका रविवारी बसच्या भरवशावर गेलो आणि शेवटी भर उन्हात डांबरी रस्त्याने चालत निघालो. त्या चालण्याची आठवण घरातील मंडळी मला अजूनही करून देतात. आई बरोबर असल्याने जाण्यायेण्याची टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवून ठेवावी आणि परतीची वेळ चालकाकडून नक्की करून घ्यावी.

उद्यानात सावली भरपूर आहे, मात्र जमीन उतरती असून मध्येमध्ये दगडी पायऱ्या आहेत. पावसानंतर पायऱ्यांवरील शेवाळ घसरडे होते, त्यामुळे चांगली पकड असलेले बूट आणि आईंसाठी काठी हवीच. सर्वांत वरच्या टप्प्यावर ओर्सिनीने पत्नी जूलिया फार्नेसे हिच्या स्मरणार्थ उभारलेले छोटे मंदिर आहे. चढण जड वाटली, तर तेवढे सोडून खालचा भाग सावकाश पाहावा.

छिन्नी

मी दगडकामाशी संबंधित असल्यामुळे माझे लक्ष तेथील दगडावरच खिळले होते, म्हणून त्याविषयी चार ओळी. हा राखाडी दगड ज्वालामुखीतून निर्माण झालेला आहे. त्यातील मिऱ्यासारख्या ठिपक्यांवरून त्याला पेपेरीनो म्हणतात. बहुतेक मोठी शिल्पे खाणीतून दगड आणून केलेली नसून दरीत मुळात पडलेल्या प्रचंड शिळाच जागच्या जागी कोरलेल्या आहेत. आपल्याकडे कैलास लेणे पाहिलेल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कारागिराला जशी शिळा मिळाली, त्या बेताने त्याने आकृती बसवली, आणि म्हणूनच कासव एका ठिकाणी, ड्रॅगन दुसरीकडे, असा विस्कळीतपणा दिसतो. त्या काळातील इटालियन उद्याने आखीवरेखीव असत, हे लक्षात घेतले म्हणजे या विस्कळीतपणाचे नवल अधिकच वाटते.

मुलाला हत्तीजवळ थांबवा. पाठीवर बुरूज आणि सोंडेत निपचित पडलेला सैनिक, असे ते शिल्प आहे. त्या सैनिकाकडे बाजूने पाहावे, कारण समोरून पाहताना सोंडेच्या वेढ्यातील त्याच्या देहाचा ढिलेपणा नजरेतून सुटतो. ओर्सिनी स्वतः लढवय्या होता आणि युद्धकैदेतही राहिला होता. त्यामुळे येथे युद्धाची आठवण असावी, असे अनेकांना वाटते आणि मलाही ते पटते.

जुनी पाटी

संकेताच्या प्रश्नावर मी थोडा विरोधी सूर लावतो. आज फलकांनुसार आपण ज्या मार्गाने फिरतो, तो ओर्सिनीच्या काळचा मार्ग नव्हे. त्याच्या पश्चात हे रान शतकानुशतके दुर्लक्षित राहिले. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली १९४८ मध्ये येथे आले, तेव्हाही झाडोरा माजलेला होता. १९५४ मध्ये जियोवान्नी बेत्तिनी यांनी जागा विकत घेऊन दुरुस्ती सुरू केली, आणि या सर्व काळात काही मूर्ती मूळ जागेवरून हललेल्या आहेत. प्रवेशापाशी दिसणारे स्फिंक्सही त्यांतलेच. मग आजच्या क्रमावरून कोडे सोडवण्याचा आटापिटा कशासाठी?

उलट कोरलेल्या ओळी वाचाव्यात, कारण मालकाचा स्वभाव त्यांत अधिक कळतो. एका स्फिंक्सखाली तो विचारतो की एवढी आश्चर्ये फसवणुकीने झाली की कलेने, ते पाहून तुम्हीच सांगा. १५५२ हे साल कोरलेल्या स्तंभावर, हे सारे केवळ मन मोकळे करण्यासाठी, अशा अर्थाचे शब्द आहेत. एका राक्षसाने दुसऱ्याला उलटे धरून फाडण्याचे जे भव्य शिल्प आहे, त्याशेजारी तर थेट प्राचीन सात आश्चर्यांतील ऱ्होड्सच्या महाकाय पुतळ्याशी बरोबरी सांगितली आहे. ही बढाई आहे, पण हसत मारलेली.

ऑर्कस, म्हणजे रोमन पुराणकथांतील पाताळदेव, याच्या उघड्या जबड्यावर आज 'सर्व विचार उडून जातात' अशा अर्थाची ओळ आहे. जुन्या चित्रावरून दिसते की तेथे पूर्वी 'आत येणाऱ्यांनो, सर्व विचार सोडा' असा मजकूर होता, म्हणजे इटालियन कवी दान्तेच्या काव्यातील नरकद्वारावरील 'आशा सोडा'ची थट्टा. नरकाच्या तोंडात शिरावे, तर आत दगडी मेज आणि बाक! तुमच्या मुलाला त्या बाकावर बसवा, हळू आवाजात काही बोलायला सांगा आणि आपण बाहेर उभे राहा. आतली कुजबूज बाहेर चांगली ऐकू येते.

पायवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्रमाचा आग्रह सोडून दिला आहे. एकच शंका उरते: वाकड्या घरात आईला नेणे योग्य ठरेल का? ते कललेले आहे, एवढेच फोटोत दिसते.

छिन्नी

शक्यतो नको. ते घर खचलेले नसून मुद्दाम तिरके बांधलेले आहे; कार्डिनल क्रिस्तोफोरो माद्रुत्सो या स्नेह्याला ते अर्पण केलेले आहे. आतील जमीनही तिरकी असल्याने डोळे एक सांगतात आणि पाय दुसरे, आणि चांगल्या धडधाकट माणसालाही क्षणभर भोवंडल्यासारखे होते. मी भिंतीला हात टेकून उभा राहिलो, तेव्हा खिडकीतून दिसणारी झाडेच मला वाकडी वाटू लागली होती. आईंना बाहेरच सपाट जागा पाहून बसवा. मुलगा वरच्या खिडकीतून हात हलवील, तेव्हा घराचा कल त्यांना तेथूनच उत्तम दिसेल.

रुळांवरून

आणि तिकिटाबरोबर मिळणारा नकाशा मुलाच्या हाती द्या. आमच्या मुलीने तो उलटा धरला होता, आणि त्यामुळेच आम्हाला कासव सर्वांत आधी सापडले. त्याच्या पाठीवर गोलावर तोल सांभाळून उभी असलेली स्त्री आहे, आणि जवळच एक जलराक्षस जमिनीतून जबडा वासून त्या कासवाची वाट पाहत बसला आहे.