‘फ्लेक्सिबल’ म्हणजे नक्की कुणाच्या सोयीनं?

फुलेवाडीकर : २०२० च्या लॉकडाऊनला पुण्यातली खोली सोडून लॅपटॉपसकट घरी आलो, तो इथंच आहे. आता मेल आलाय, पुढच्या महिन्यापासून आठवड्यात तीन दिवस ऑफिस. कोल्हापूर-पुणे जवळपास २३० किलोमीटर. वर लिहिलंय, ‘आम्ही लवचिकतेला महत्त्व देतो.’ रात्री साडेदहाच्या कॉलला मी लवचिक, सकाळी साडेनऊच्या स्टँडअपलाही (टीमची रोजची छोटी मीटिंग) मीच. परवा दुपारी आईला डोळे तपासायला नेलं, टीम्सवर (ऑफिसचं चॅट-कॉलचं ॲप) तासभर ‘जागेवर नाही’चा पिवळा ठिपका दिसला तर लगेच मेसेज, ‘ऑल ओके?’ काय करावं, राजीनामा की पुन्हा पीजी?

टीमलीड हिंजवडी : उलट बोलतो, राग मानू नका. माझ्याकडचा एक फ्रेशर घरी बसून चार दिवस एकाच एररवर अडला होता. विचारायला लाजत होता. शेजारी असता तर तोंड बघूनच मी उठून गेलो असतो. पासवर्डमागं एक जादा स्पेस पडली होती, बस्स! तुम्ही शिकलात ते ऑफिसातच ना?

फुलेवाडीकर : मान्य. पण माझ्या टीममधले तिघं बेंगळुरूत, दोघं डॅलसला. पुण्यात जाऊनही हेडफोन घालून त्याच टीम्सवर बसणार. शिकवू कुणाला, गेटवरच्या मामांना?

शिरोली फौंड्री : भावा, लई लाड झालेत तुमचे. भट्टी काय घरून पेटत नाही. २०१९ च्या पुरात शिरोलीला हायवेवर पाणी आलं, आमचे खाडे पडले. तुझा रुपया तरी कापला काय?

फुलेवाडीकर : नाही कापला. पण २०२१ च्या पुरात लाईट गेलेली, रेंज नाही, आणि साहेब विचारतात, ‘बॅकअप प्लॅन काय?’ मेव्हण्याच्या गाडीत बसून, इंजिन चालू ठेवून लॅपटॉप चार्ज केला. डिझेल माझंच.

राजारामपुरीची : मी इथल्याच छोट्या कंपनीत आहे. पगार पुण्याच्या निम्मा. पोराला शाळेतून आणायला तीनला निघते, सरांनी मुभा दिलीय. तोंडी! उद्या सर बदलले की गेली. म्हणून सांगते, ऑफर लेटरात कामाचं ठिकाण काय लिहिलंय?

फुलेवाडीकर : ‘पुणे, अथवा कंपनी ठरवेल ते.’

टीमलीड हिंजवडी : मग ठिकाणावरून भांडू नका, हरणार. तासांवरून भांडा. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मॅनेजर नसलेल्यांना आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. तीन महिन्यांचे रात्रीचे कॉल कॅलेंडरमधून काढून एचआरपुढं ठेवा. आणि सोम-मंगळ-बुध सलग मागा. हे लीड म्हणून नाही, सांगलीचा म्हणून सांगतोय. मीही चार वर्षं रविवार रात्रीची ट्रॅव्हल्स केलीय.

शिरोली फौंड्री : मागची सीट घेऊ नको तेवढी. पाठीचा भुगा होतोय.